मास्तरकीचा कागद आणि जमिनीचा कागद



बारावीचा निकाल लागला की पाड्यापाड्यात दलाल फिरू लागतात. बी.एड. करा, नोकरी पक्की, असं सांगतात आणि प्रवेशाचे पैसे रोख मागतात. त्यासाठी कुणी बैल विकतो, कुणी वनपट्टा सावकाराकडे ठेवतो. आपल्या बोलीत शिकवणारे मास्तर-बाई आपल्या शाळेत हवेत, ही संघटनेची जुनी मागणी. पण पैसे मोजण्याआधी कोणता कागद कुठे चालतो ते समजून घेऊ.

पहिली ते पाचवीला शिकवायला बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. लागतं. यालाच आपण डी.एड. म्हणत आलो. बी.एड. पदवीनंतरचं. ते वरच्या वर्गांना, हायस्कूलला चालतं; पाचवीपर्यंत नाही. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये तसा निकालच दिला आहे. पाड्यावरच्या शाळा बहुतेक चौथी-पाचवीपर्यंतच. म्हणजे ज्या शाळेसाठी आपण भांडतो, तिथेच दलालाचा कागद निकामी!

नुसत्या डी.एल.एड.नेही भागत नाही. आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी पास व्हावी लागते. पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. १५० मार्कांची परीक्षा. आदिवासी उमेदवाराला ५५ टक्के लागतात. एकदा पास झालं की ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं. त्यानंतर भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवर नोंदणी. जातवैधता नसेल तर सगळंच अडतं. म्हणून तो अर्ज बारावीतच करा.

डी.एल.एड.चा प्रवेश सरकारी यादीने होतो. जिल्ह्याच्या डायटमध्ये चौकशी करा. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर आदिवासी विभागाची शिष्यवृत्ती आहे. यात दलालाचं काय काम?

आणि जमिनीचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो. तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. सावकाराने लिहून घेतलेल्या कागदाला कायद्यात किंमत नाही. पण शेत एकदा त्याच्या कब्जात गेलं की सोडवताना आपली वर्षं जातात. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव असतं. बाईला न विचारता तो घराबाहेर जातोच कसा?

आम्ही म्हणतो, पोर मास्तर व्हावं आणि जमीनही राहावी. अनुसूचित क्षेत्रात शिक्षकाची जागा स्थानिक आदिवासीला मिळावी म्हणून २०१४ ला राज्यपालांची अधिसूचना निघाली. ती भरती कोर्टकज्जात अडकली. ती लढाई आपण लढूच. पण जागा निघेल तेव्हा योग्य कागद हातात असलेली आपली पोरं-पोरी तयार पाहिजेत.

येत्या ग्रामसभेत बारावी झालेल्यांची यादी करा. कुणाची जातवैधता बाकी आहे ते लिहा. पावतीशिवाय कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, असा ठराव घ्या.

पट्टा घरात, पोरगी शाळेत, मास्तर आपल्या बोलीचा!