हरिविजय ते लेंगी : वाशिम, पॉडकास्ट आणि नोंद न झालेला श्रोता

१/
वाशिमच्या एका राजाने लिहिलेले काव्य आज सलग स्वरूपात कुठेही उपलब्ध नाही. राजा सर्वसेन, काळ इसवी सनाचे चौथे शतक. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा हा संस्थापक, आणि वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. काव्याचे नाव ‘हरिविजय’, भाषा महाराष्ट्री प्राकृत, विषय श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा. मूळ काव्य हरवले. तरीही सर्वसेन कवी म्हणून ओळखला जातो, आणि याचे सारे श्रेय त्याच्या रसिकांना आहे.

२/
नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा दाखला दिला. रसासाठी मूळ कथेत बदल कसा करावा, हे सांगताना त्याला हरिविजय आठवले. पुढे कुंतकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंक्तीला बसवले. भोजाच्या ग्रंथात या काव्यातील गाथा उद्धृत झाल्या. या राजशाखेचा लेखी पुरावा मात्र फार उशिरा हाती आला. सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती (दुसरा) याचा वाशिम ताम्रपट १९३९ साली उजेडात आला, तेव्हा कुठे वत्सगुल्म शाखेचे चित्र स्पष्ट झाले. ताम्रपट सापडण्यापूर्वी हजार वर्षे एक दूरचा काश्मिरी वाचक या वाशिमकराची आठवण सांभाळून बसला होता.

३/
हा थ्रेड मात्र वाकाटकांविषयी नाही. तो संगीताच्या पॉडकास्टविषयी आहे. गाण्यामागची गोष्ट, गायकाचा संघर्ष, चाहत्याची आठवण असे कार्यक्रम सध्या मराठीतही लोकप्रिय आहेत. त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहिले जाते. हरिविजयाचे उदाहरण समोर ठेवले तर या कार्यक्रमांकडे अधिक गांभीर्याने पाहावे लागते. कलाकाराचे पुढे काय होते, हे पुष्कळदा त्याच्या श्रोत्याने काय नोंदवून ठेवले यावर अवलंबून राहिलेले आहे.

४/
मराठीत जाणत्या श्रोत्याला ‘कानसेन’ म्हणतात. महाराष्ट्रातील रागसंगीताचा लोकप्रिय इतिहास बव्हंशी अशा कानसेनांनीच लिहिला. गोविंदराव टेंबे स्वतः कसलेले हार्मोनियमवादक आणि संगीतकार, पण ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये ते बोलतात ते भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांच्या गाण्याने भारावलेल्या माणसाच्या आवाजात. बी. आर. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ म्हणजे आजच्या भाषेत उत्तम पॉडकास्टची मालिका : उस्तादाची लकब, मैफलीतला प्रसंग, स्वभावाचा एखादा तऱ्हेवाईक नमुना. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस. त्यांची ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आली आणि घराण्यांविषयी मराठी माणूस कसा बोलतो, हेच तिने बदलले.

५/
खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचे आत्मचरित्रही असेच जमले. म्हाताऱ्या खाँसाहेबांनी सांगावे आणि नातू अझीझुद्दीन खाँ यांनी लिहून घ्यावे. एक बोलणारा, एक ऐकणारा. नातू नसता किंवा असूनही कंटाळला असता, तर जयपूर घराण्याच्या प्रवर्तकाचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आलेच नसते.

६/
वऱ्हाडातले उदाहरण घ्यायचे तर वसंतराव देशपांडे. जन्म २ मे १९२०, मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. मूर्तिजापूर–यवतमाळ ही जी ‘शकुंतला’ची अरुंद रेल्वे, तिच्यावरच वाशिम जिल्ह्यातील कारंजा लागते. वसंतरावांनी आयुष्याची बरीच वर्षे लष्करी हिशेब खात्यातील नोकरीत काढली. त्यांच्या गाण्याची थोरवी निर्विवादच आहे. परंतु त्यांना पु. ल. देशपांड्यांसारखा लिहिता-बोलता मित्र लाभला, हेही त्यांच्या कीर्तीतील एक वास्तव आहे. २०२२ साली त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी भूमिका केलेला ‘मी वसंतराव’ आला आणि आजोबांची गोष्ट आणखी एका पिढीपर्यंत पोहोचली.

७/
आता कारंज्याहून मानोरा तालुक्यात यावे. पोहरादेवी. देशभरच्या बंजारा समाजाचे हे तीर्थस्थान, येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी पंतप्रधानांनी जगदंबा देवीच्या मंदिरात नंगारा वाजवला आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. नंगारा हे वाद्य त्या दिवशी घरोघरी पोहोचले. एरवी तो वाजवणाऱ्या हातांची नावे मात्र त्या दृश्यासोबत कुठे गेली नाहीत.

८/
मूर्तिजापूरच्या गवयाचे नाव टिकते आणि तांड्यावरच्या गायकाचे टिकत नाही, याचे कारण गाण्याच्या प्रतीत शोधणे चुकीचे आहे. फरक लेखणी कोणाच्या हाती होती, यात आहे.

९/
बंजाऱ्यांविषयी लेखन झालेच नाही, असे नाही. बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहून नेणारी त्यांची लदेणी रस्त्यांनी आणि रेल्वेने मोडीत काढली. त्या काळात वऱ्हाड पोलिसांतील एन. एफ. कंबरलेज या अधिकाऱ्याने त्यांच्यावर एक टिपण लिहिले, ते १८८२ साली पुनर्मुद्रित झाले आणि पुढच्या वांशिक ग्रंथांनी त्याचा भरपूर आधार घेतला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आलेला होता. अशा वातावरणात टिपण घेणारा पोलीस तांड्यावर कोणते प्रश्न घेऊन जाणार, हे उघड आहे. कुळी कोणत्या, चाली कोणत्या, संशय कोणावर. तुला कोणते गाणे आवडते आणि का, हा प्रश्न त्या यादीत बसणारा नव्हता.

१०/
समाजाकडे स्वतःचे इतिहासकार होते. ढाडी हे बंजाऱ्यांशी जोडलेले परंपरागत गायक. वंशावळी आणि पूर्वजांचे पराक्रम गाऊन सांगणे हे त्यांचे काम. होळीची लेंगी, तीजेच्या दिवसांत मुलींनी टोपल्यांत रुजवलेल्या गव्हाभोवतीची गाणी, सासरी निघालेल्या नवरीने रडत गायचे ढावलो असा प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र गानप्रकार आहे. ढावलो तर विशेष विचार करायला लावणारा आहे. त्यात गाणारी तीच नवरी, ऐकणाऱ्या तिच्या सख्या आणि आया. त्यातली प्रत्येक ऐकणारी एकदा गाणारी होऊन गेलेली असते, नाहीतर होणार असते. गायिका आणि चाहती अशी विभागणी तिथे लागूच होत नाही. संगीताच्या पॉडकास्टचा रूढ साचा, म्हणजे इकडे कलाकार आणि तिकडे चाहते, येथे आणला तर अर्धे गाणे साच्याबाहेर राहील.

११/
पॉडकास्ट या माध्यमाचा येथे खरा उपयोग आहे, आणि त्याचे कारण लिपी हे आहे. गोरबोलीला सर्वमान्य अशी स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत. मानोऱ्यातील मुलीने आजीचे गाणे वहीत उतरवले, तर तेलंगणातील तांड्यावरच्या तिच्या नात्यातल्या मुलीला ती वही वाचता येईलच असे नाही. तेच गाणे कानावर पडले तर दोघींनाही समजते. छापील पुस्तकाला तीन लिप्यांचा अडसर आहे. आवाजाला तो नाही.

१२/
यावर कोणी म्हणेल, यूट्यूबवर लेंगीची गाणी मुबलक आहेत, मग अडचण काय? अडचण अशी की गाणे मिळते, त्याच्याभोवतीची माणसे मिळत नाहीत. हे कडवे कोणाकडून आले, पूर्वी डफाचा ठेका असाच होता का, कोणत्या वर्षी ऊसतोडीच्या फडावर ते गायले गेले, कोणत्या बाईने ते ऐकून आपल्या मुलीचे नाव ठेवले, यातले काहीच चित्रफितीखाली नसते. असतात ते बदामाची चित्रे आणि ‘खूप छान’. देवधरांनी एका उस्तादाविषयी जेवढे लिहून ठेवले, तेवढे एका लेंगी गायकाविषयी कोठे ऐकायला मिळावे, एवढीच ही मागणी आहे.

१३/
श्रोत्याचे नाव प्रथम घेतले ते रेडिओने. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. (लोकांची अभिरुची सरकारने सुधारावी, ही कल्पना अंगाशी आल्याचे हे जुने उदाहरण.) त्याच वर्षी सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. फर्माइशीच्या पत्रांनी झुमरीतलैयासारखे गाव देशाला माहीत करून दिले. मराठीत ‘आपली आवड’ने हेच केले. निवेदकाच्या तोंडून आपल्या गावाचे नाव ऐकण्यासाठी माणसे रेडिओला कान लावून बसत.

१४/
तरीही फर्माइशीत जागा होती ती नावाला आणि गावाला. हेच गाणे का, हे सांगायला वेळ नव्हता. पॉडकास्टला तेवढा वेळ आहे. २००४ साली ‘गार्डियन’मधील एका लेखात हा शब्द प्रथम छापला गेला, त्याला आता वीस वर्षे उलटून गेली. वेळेचे बंधन नसलेले माध्यम हाती येऊनही पुष्कळसे कार्यक्रम त्याच त्या मोजक्या गायकांचे, आधीच पुस्तकांत आलेले किस्से पुन्हा सांगत बसतात. मंगेशकर कुटुंब, पंचमदा, भीमसेनजी. या माणसांविषयी तक्रार नाही. परंतु जे लिहिलेले आहे तेच पुन्हा बोलायचे, तर आवाजाच्या माध्यमाची गरजच काय?

१५/
एक आक्षेप रास्त आहे. आठवणी चुकतात. चाहत्याच्या तर हमखास चुकतात, कारण त्यांत प्रेम मिसळलेले असते. इटालियन इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी याचा प्रसिद्ध दाखला दिला आहे. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावी लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये मोर्चात मारला गेला, पण गावातील अनेकांच्या आठवणीत तो १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळी मेला. पोर्तेल्लींनी ती चूक पुसली नाही. ती लोकांनी का केली, हे त्यांनी तपासले. गाण्याच्या आठवणींनाही हेच लागू पडते. एखाद्या म्हातारबाबांनी सांगितलेले मैफलीचे साल चुकीचे असेल, तर निवेदकाने खरे साल सांगावे आणि त्यांची आठवणही तशीच ठेवावी. दोन्ही लागतात.

१६/
नोंद कशी करावी, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची मोठी बाजू सांभाळली. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक स्त्रिया, एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून ‘पारी’वर त्या प्रसिद्ध होत आहेत. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव येते, जमेल तिथे तिची कहाणी आणि छायाचित्रही येते. ‘एक लोकगीत’ असे म्हणून बाईला बेनाव करण्याची आपली जुनी सवय तेथे मोडली आहे.

१७/
आंबेडकरी गायनपरंपरेने नावाचा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सोडवला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना अक्षरओळख मोठेपणी झाली. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा ते घालत, त्यामुळे गाणे कोणाच्याही तोंडी गेले तरी कर्ता सोबत जाई. त्यांची गाणी गायकांनी आणि ऐकणाऱ्यांनी वह्यांत उतरवून घेतली आणि गावोगाव नेली. येथे चाहत्यांच्या हाती लेखणी होती. शिक्षणाच्या चळवळीने ती दिली होती. पण त्या वह्या लिहिणारे कोण होते? त्यांच्यासाठी कोणतीही नाममुद्रा नाही, आणि त्या पिढीतले लोक आता थकले आहेत.

१८/
आणखी एक धोका तंत्राचा. गूगलने आपले पॉडकास्टचे ॲप २०२४ साली बंद केले. ताडपत्राला वाळवी लागते, ॲपला कंपनीचा ताळेबंद. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत अभिलेखागारात जायला हवी. गुरुग्राम येथे १९८२ सालापासूनचे लोकसंगीत-अभ्यासाचे ध्वनिसंग्रहालय आहे, विद्यापीठांचे मराठी आणि इतिहास विभाग आहेत, आणि आता खुद्द पोहरादेवीत संग्रहालयाची इमारत उभी आहे. तिच्या दालनांत चित्रे, पुतळे आणि दृश्ये असतील, ती असावीतच. एखाद्या दालनात ढावलो गाणाऱ्या बाईचा तासभराचा आवाज असावा, तिच्या परवानगीने, तिच्या नावानिशी, आणि गाण्याइतकेच तिच्या ऐकण्याविषयीचे बोलणेही त्यात असावे.

१९/
प्रश्न फार अवघड नाहीत. हे पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकले? तेव्हा तांडा कुठे होता? सोबत कोण होते? आता कोण गाते? वाशिमच्या महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी फोनवर हे मुद्रित करू शकतो, आणि तो गोरबोली बोलणारा असेल तर कोणत्याही पुण्या-मुंबईच्या निवेदकापेक्षा चांगले करील.

२०/
कामासाठी बाहेर गेलेली तांड्यावरची माणसे होळीला परततात. फाल्गुनी पौर्णिमेपासून रामनवमीपर्यंत साडेतीन आठवडे मिळतात. त्यानंतर यात्रा पांगते.