पिशवीत पाणी आहे का, आणि आजोबांचा दाखला कुठे आहे?

मे महिना संपत आला की मोबाईलवर याद्या फिरायला लागतात. पूर आला तर काय घेऊन निघाल, लांबच्या प्रवासात सोबत काय ठेवाल. टॉर्च, पॉवर बँक, बिस्किटं, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, दोरी. यादी चुकीची नसते. आम्हीही ती वस्त्यांवर वाचून दाखवतो. पण वाचताना दरवेळी प्रश्न पडतो की ही यादी कोणाला समोर ठेवून केली आहे? ज्याला घर सोडल्यावर कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक आहे, ज्याला त्या दारात 'तुम्ही कुठल्या वाड्यातले?' असं कोणी विचारणार नाही, आणि घर वाहून गेलं तरी आपण कोण आहोत हे ज्याला सरकारपुढे पुन्हा सिद्ध करावं लागणार नाही, त्याच्यासाठी ती पुरेशी आहे. सातारा-सांगलीतल्या आमच्या वस्त्यांना ती पुरत नाही.

याचा सगळ्यात जुना दाखला याच मातीतला आहे. साल १९०१. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात माणसं मरत होती म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायचं काम काढलं होतं. मुलं साताऱ्यात आत्याजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी बोलावलं तेव्हा नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची दोन मुलं अशी चौघं निघाली. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रवास सविस्तर सांगितला. तो आम्ही आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिरात मुद्दाम वाचतो, कारण तयारीच्या दृष्टीने त्या मुलांचं काहीही चुकलं नव्हतं.

बघा ना. नवे कपडे होते, पायात नवे बूट होते. रेल्वेची तिकिटं काढली होती. भाड्याला पैसे होते. शेजारणींनी मिळून करून दिलेला भरपूर डबा होता. वडिलांना पत्र आधीच गेलं होतं. आजची कुठलीही यादी घ्या, सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण पडेल. मसूर स्टेशनला उतरल्यावर घ्यायला कोणी आलं नाही, कारण पत्र गड्याच्या हातात पडलं आणि तो ते द्यायला विसरला. स्टेशनमास्तरने आधी चौकशी केली आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं कबूल केलं तरी गाडीवान बैलगाडीत बसेना. शेवटी मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं असं ठरलं. वाटेत नदीच्या पात्रात डबा उघडला, पण पाणी म्हणून जे होतं तो जनावरांच्या मुताने घाण झालेला चिखल होता. मध्यरात्री टोलनाक्यावर, गाडीवानाच्या सांगण्यावरून, आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. डबा भरलेला असताना चारही मुलं उपाशी झोपली. गोरेगावला पोचायला दुसऱ्या दिवशीचे अकरा वाजले.

आता कोणी म्हणेल, आज टोलनाक्यावर वीस रुपयांना बाटली मिळते आणि दुकानदार जात विचारत नाही. खरं आहे, आणि ते आपोआप झालेलं नाही, महाडच्या तळ्यापासून त्याची किंमत मोजलेली आहे. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. माणूस संकटात सापडला की पिशवीतल्या वस्तूंइतकंच समोरचा माणूस आणि समोरचं कार्यालय त्याला कोण समजतं यावर सगळं ठरतं. १९०१ मध्ये ते पाण्यावर ठरलं. आज ते कागदावर ठरतं.

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत सरकारचा आदेश निघाला की घर दोन दिवस पाण्याखाली असेल तर मोफत धान्य मिळेल. त्यावर गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. पाण्याने दोन दिवसांची मुदत पाळली की नाही हे पूरग्रस्ताने कसं दाखवायचं? सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात १० हजार, शहरात १५ हजार जाहीर झालं. काही रक्कम रोख, बाकीची बँकेत. म्हणजे पासबुक हवं, आधार हवं, पंचनाम्यात नाव हवं. घर गावठाणाबाहेर, उताऱ्यावर नाव सासऱ्याचं, सासरा वारलेला. भाड्याने राहणाऱ्याचं तर नावच कुठे नाही. पंचनाम्याला आलेला कर्मचारी वाईट माणूस असतो असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या रकान्यात जे बसतं तेच तो लिहितो, आणि आमची घरं त्या रकान्यांत बसत नाहीत.

पण आमच्या डोळ्यांसमोर अनुदानापेक्षाही वाईट जे गेलं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मिरज तालुक्यातल्या एका वस्तीत पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला होतो. एका मावशींनी पत्र्याची ट्रंक उन्हात उघडली. लुगडी, भांडी, फोटो यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तळाशी एका पिशवीत कागदांचा लगदा झाला होता. त्यात सासऱ्यांच्या शाळेचा उतारा होता. मावशींना वाचता येत नव्हतं, पण हा कागद गेला म्हणजे काय गेलं हे त्यांना आमच्याआधी कळलं. नातीचं नर्सिंगला नाव लागायचं होतं.

ज्यांना हे कोडं वाटेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा आणि पुढे त्याची पडताळणी करायची तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा असतो, नाहीतर गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. आमच्या घरांत साखळी आणखी गुंतागुंतीची. आजोबांच्या दाखल्यावर 'महार', १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शाळेत गेलेल्या वडिलांच्या दाखल्यावर कुठे 'नवबौद्ध' तर कुठे 'बौद्ध', मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या १९९० मध्ये. तीन पिढ्यांचे तीन कागद एकमेकांना जोडून दाखवावे लागतात. मधली एक कडी तुटली की मूल लटकतं. महाराष्ट्राच्या २००० च्या जात पडताळणी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. आणि पूर कधी येतो? जुलै-ऑगस्टमध्ये. नेमका जेव्हा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या चालू असतात आणि मूळ कागद तपासायला मागतात तेव्हा.

कृष्णाकाठच्या अनेक गावांत आमची जुनी वस्ती सखल जागी, नदीच्या अंगाला किंवा ओढ्याच्या काठाला. ती जागा आम्ही निवडलेली नव्हती. म्हणजे ज्या व्यवस्थेने जात दिली तिनेच पाण्याच्या वाटेत बसवलं, आणि आता त्या जातीचा पुरावाही कोरडा ठेवायची जबाबदारी आमचीच. जो जातीचा फायदा घेत आला त्याला जातीचा कागद जपावा लागत नाही, आणि जो जात टाकून बुद्धाकडे आला त्याला पन्नास सालाआधीची जात पिशवीत घेऊन पळावं लागतं. यातला विरोधाभास आम्हाला कळतो. पण मुलांचं शिक्षण त्यावर उभं आहे, तेव्हा आधी कागद वाचवू, वाद त्यानंतर घालू.

म्हणून आमची यादी पाण्यापासून सुरू होते. घरातल्या प्रत्येक माणसाला निदान एक दिवस पुरेल इतकं पिण्याचं पाणी, मग बाकीचं. पुरात सगळीकडे पाणी असतं आणि पिण्याजोगं नसतं. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवड्याच्या, चिठ्ठीसह. पोरीबाळींचे पॅड किंवा कोरडे कपडे. निवारा केंद्रात हे मागायला बाया लाजतात आणि वाटपात ते सगळ्यात शेवटी येतं. मोबाईल बंद पडला की पाठ असलेला एकही नंबर आठवत नाही, म्हणून चार नंबर कागदावर. त्यात जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८. बाकी टॉर्च-बिस्किटं तुम्हाला माहीत आहेत. ६ डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपूरला जाणाऱ्या आमच्या आयाबाया भाकरी, चटणी, चादर, पाण्याचा कॅन घेऊन वर्षानुवर्षं निघतात. प्रवासाची तयारी त्यांना कोणी शिकवावी अशी गरज नाही.

कागदांचं मात्र शिकावं लागेल. मूळ कागद प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, ती पिशवी फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, आणि बरणी माळ्यावर. ट्रंकेच्या तळाशी ठेवू नका. जुन्या उताऱ्याला लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा चिकटतो आणि पुढे तपासणीला अडतो. जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र यांचे क्रमांक, तारीख आणि देणारं कार्यालय वेगळ्या वहीत लिहून ठेवा. दुसरी प्रत काढताना पहिल्यांदा तेच विचारतात. साक्षांकित प्रतींचा एक संच लांबच्या गावी, लेकीच्या किंवा बहिणीच्या घरी. कृष्णाकाठी राहणाऱ्याने जतला किंवा आटपाडीला ठेवावा, तिथे दुष्काळ असतो पण कागद भिजत नाही. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे, तो जरूर उतरवून घ्या. पण आजोबांच्या उताऱ्याचा आपण काढलेला फोटो हा फोटोच असतो, त्याला तो दर्जा नाही, हे लक्षात ठेवा.

आणखी एक. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाचं पडताळणी प्रमाणपत्र पूर्ण भावकीच्या कामाला येतं. ते एका घराची खाजगी मालमत्ता समजून कपाटात कुलपात ठेवणारे भाऊबंद आम्ही पाहिले आहेत. बांधावरून भांडण असेल तर असू द्या, पण त्या कागदाची प्रत पुतण्याला द्या.

कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची तयारी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. रेशनकार्ड गावाकडे, पोरं फडात, खोपीला ना पत्ता ना क्रमांक. त्यांना 'महत्त्वाची कागदपत्रं सोबत ठेवा' एवढं सांगून भागत नाही, ती कोरडी कुठे ठेवायची तेही सांगायला हवं.

इथपर्यंत आपल्या हातातलं झालं. पण सगळं पिशवीवर ढकलून सरकारला मोकळं सोडायला आम्ही तयार नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे रात्रीत डोंगर घरांवर आला. तिथे कोणती पिशवी उपयोगी पडणार होती? धोक्याच्या जागेवरून माणसं पावसाआधी हलवणं आणि त्यांना कायमची जागा देणं हे कुटुंबाच्या तयारीत येत नाही, ते शासनाचं काम आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ६१ सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेद करता येणार नाही. मदतीचे ट्रक मुख्य रस्त्यावरच रिकामे होतात आणि टोकाच्या वस्तीपर्यंत पाण्याचे बॉक्स पोचत नाहीत तेव्हा हे कलम कोणालाच आठवत नाही. ते वस्तीतल्या दोन-तीन पोरांना पाठ हवं, आणि ट्रक कुठे थांबला, किती वाटलं, याची नोंद त्यांनी वहीत करायला हवी. तक्रार वहीवर उभी राहते.

आणि कागदांचं तर सरळच आहे. आजोबांचा उतारा ज्या रजिस्टरातून निघतो ते रजिस्टर सरकारी शाळेचं आहे. कोतवाल बुक महसूल खात्याचं आहे. मूळ नोंद सरकारच्या ताब्यात असताना तिची नक्कल आम्ही पुरातून वाचवून त्याच सरकारला दाखवायची, हा कुठला न्याय? पूरग्रस्त म्हणून पंचनामा झालेल्या कुटुंबाचा जुना पुरावा समितीने स्वतः शाळेकडून आणि तहसीलमधून मागवावा, तोवर विद्यार्थ्याचा प्रवेश तात्पुरता कायम ठेवावा. नदीकाठच्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेतली १९५० पूर्वीची रजिस्टरं वरच्या मजल्यावर न्यावीत आणि स्कॅन करावीत. कित्येक शाळांत ती आजही तळमजल्याच्या लाकडी कपाटात, खालच्या कप्प्यात आहेत. जाऊन बघा.

१ मे ची ग्रामसभा पावसाच्या सव्वा महिना आधी असते. आपल्या गावच्या शाळेतलं जुनं रजिस्टर कोणत्या कपाटात आहे हे त्याआधी विचारून या, आणि ते हलवण्याचा ठराव लेखी द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, आणि ती पोचही त्याच बरणीत ठेवा.