शिस्तीतील आस्था

'शिस्त' हा शब्द उच्चारताच अनेकांच्या डोळ्यांपुढे छडी उभी राहते. शब्दांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा एक जुना अर्थ 'नेम' असा आहे. संस्कृतातील 'अनुशासन' आणि 'शिष्य' हे दोन्ही शब्द 'शास्' या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. 'शिक्षा' या शब्दाने हिंदीत शिकण्याचा अर्थ राखला. मराठीत तो प्रामुख्याने दंडवाचक झाला. शिस्त म्हणजे दंड ही आपली समजूतही अशीच एकांगी आहे.

नव्या शिक्षकाला वाटते, विद्यार्थ्यांवर माया असेल तर त्यांना अडवायचे कशाला? वर्गात मोकळेपणा हवा, हे खरेच. परंतु शिक्षकाने सैल सोडलेला लगाम साऱ्या वर्गाच्या हाती न जाता दोन-चार मोठ्या आवाजांच्या हाती जातो, हे त्याला अनुभवाने कळू लागते. कडेच्या बाकावरील अबोल मुलगी शंका विचारायला हात वर करते आणि गलक्यात तो खाली घेते. शिक्षकाच्या सौजन्याची किंमत तीच मोजत असते.

प्रौढांना कसली शिस्त लावायची, असा आक्षेप कोणी घेईल. वस्तुतः प्रौढांपाशी वेळ अधिकच थोडा असतो. मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून संपर्कसत्राला आलेल्या विद्यार्थिनीचा तास उशिरा येणाऱ्यांसाठी तीच प्रस्तावना पुन्हा सांगण्यात सरला, तर तिच्यावर अन्याय होतो. वेळेवर आरंभ करणे हीदेखील आस्थाच होय.

अर्थात शिस्तीच्या नावाखाली मारणे वा अपमानित करणे समर्थनीय नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. नियम आधी सांगितलेला, सर्वांना सारखा आणि शिक्षकालाही लागू असावा. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवीत. नीटनेटकेपणाचा पाठ त्यांनी कृतीतून दिला.

आपल्यापैकी अनेक जण पालक आहेत, काही शिक्षकही आहेत. एखाद्याला सवलत देताना तिचा भार दुसऱ्या कोणावर पडतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला अवश्य विचारावा.