नवी सुरुवात आणि जुन्याचा पुरावा

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाका." जणू सगळं पुसलं की सगळे प्रश्नही पुसले जातात. २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत मलाही तसंच वाटायचं.

तेव्हा यवतमाळच्या आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत एकच कॉम्प्युटर होता. भारनियमन सुरू होतं, वीज परत आली की व्होल्टेज वरखाली व्हायचं. एका दुपारी हार्ड डिस्क गेली. पुस्तकांची यादी, वाचकांची नोंद आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी टाइप केलेल्या नोट्स तिच्यातच होत्या.

त्याआधीच आम्ही वर्गणी काढून नव्या विंडोजची अपग्रेड डीव्हीडी आणून ठेवली होती. अपग्रेड म्हणजे पूर्ण आवृत्तीपेक्षा स्वस्त. अट एकच, आधीची अधिकृत विंडोज तुमच्याकडे असली पाहिजे. आमच्याकडे एक्सपी होती, बिलासकट. दुकानदाराने नवी हार्ड डिस्क बसवली, डीव्हीडीवरून इन्स्टॉलेशन केलं. सगळं सुरळीत झालं आणि शेवटी की नाकारली गेली. ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, असा संदेश आला. कोऱ्या डिस्कवर जुनी विंडोज नव्हती, मग अपग्रेड कशाचं?

दुकानातला पोरगा म्हणाला, "कायले डोकं लावता भाऊ? तीनशे रुपयात चालू करून देतो." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आमच्यातले एक बुजुर्गही म्हणाले, "बेटा, पैसे तर आपण भरलेच आहेत. मग यात चोरी कसली?"

हा प्रश्न सोपा नाही. पैसे भरणारा माणूसच चोरीच्या दारात उभा राहतो, तेव्हा दोष एकट्या त्याचा नसतो. ही अट पडताळण्याच्या पद्धती वर्षानुवर्षं बदलत आल्या. विंडोज ९८ आणि एक्सपीची अपग्रेड सीडी कोऱ्या डिस्कवर जुनी सीडी मागायची. ती क्षणभर ड्राइव्हमध्ये टाकली की काम पुढे सरकायचं. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि ही सोय गेली. अपग्रेडची की वापरायची तर चालू विंडोजच्या आतूनच सुरुवात करावी लागे. लोकांनी लगेच पळवाट शोधली. आधी की न देता व्हिस्टा टाकायची, मग तिच्याच आतून पुन्हा तीच व्हिस्टा 'अपग्रेड' म्हणून टाकायची. म्हणजे जुनी विंडोज कधीच नसलेला माणूसही पार होई आणि बिल हातात घेऊन उभा असलेला नियमाने चालणारा माणूस अडकून पडे. विंडोज ७ च्या वेळीही रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून हेच साधलं जाई.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अट न्याय्य होती, पण पुरावा चुकीच्या जागी शोधला जात होता. हक विकत घेणाऱ्याचा असतो. डिस्कवर जुन्या फाइली उरल्या आहेत की नाहीत, यावर तो ठरू नये. शेतकऱ्याच्या घराला आग लागली म्हणून त्याची जमीन जात नाही, कारण सातबारा तलाठ्याच्या दप्तरी असतो. कागद सांभाळण्याचं मोल आमच्या मोहल्ल्यांना वेगळं सांगायला नको. आजोबांचा शाळेचा दाखला पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारी घरं आहेत ही. कोण कधी पुरावा मागेल, याचा नेम नसतो.

अखेर आम्ही सरळ रस्ता धरला. एक्सपीची सीडी शोधली, ती माजी चिटणीसांच्या घरी लग्नपत्रिकांच्या खणात निघाली. आधी एक्सपी टाकली आणि तिच्या आतून डीव्हीडी चालवून नवी विंडोज घेतली. एक्सपीवरून विंडोज ७ घेताना तसंही सगळं नव्यानेच बसतं, जुने प्रोग्रॅम पुढे येत नाहीत. एक दिवस जास्त गेला, पण की स्वीकारली गेली. चूक आमचीच होती, रीत न समजता आम्ही डिस्क लावून बसलो होतो.

खरा धक्का पुढे होता. काही नोट्स पेनड्राइव्हवर वाचल्या होत्या. फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये होत्या आणि तो फॉण्ट डिस्कबरोबर गेला होता. उर्दूच्या मजकुराचंही तसंच, तो इनपेजमध्ये होता आणि इनपेजशिवाय उघडेना. विंडोज मिळाली, पण भाषा मिळाली नाही. तो फॉण्ट पुन्हा मिळवून मजकूर युनिकोडमध्ये आणायला मुलींना सगळी सुट्टी लागली.

हे आज लिहायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. यवतमाळ, दिग्रस, पुसदच्या शाळा, वाचनालयं, मदरसे यांच्याकडची जुनी यंत्रं त्यात बसणार नाहीत. पुन्हा कोणीतरी म्हणेल, "फॉरमॅट मारा, तीनशे रुपयात करून देतो." अशा अनोळखी पेनड्राइव्हवरून आलेल्या विंडोजमध्ये आणखी काय भरलंय, हे कोणी पाहत नाही. आणि त्याच यंत्रावर आपण मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो, त्यांचे आधार आणि बँक खात्यांचे तपशील टाकतो.

जुनं यंत्र टाकून देण्याचीही गरज नाही. त्यावर उबुंटूसारखी लिनक्स फुकट आणि कायदेशीर चालते, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात. सवय व्हायला आठवडाभर लागेल, एवढंच.

पण काहीही टाकण्याआधी तीन कामं करा. बिल, की आणि सीडी संस्थेच्या कपाटात ठेवा, कोणा एकाच्या घरी नको. मजकुराची प्रत यंत्राबाहेर ठेवा. आणि ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एक पान वाचून पाहा. वाचता आलं, तरच फॉरमॅट करा.