परटिणींचा गुरुवार

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्याच्या टपालात साताऱ्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, "मुलगी दहावीला असताना तुम्ही पाच महिने जर्मनीत शिकायला होतात, असं तुम्ही मागे ओघात लिहिलं होतंत. खरं सांगा, मनाला टोचलं नाही? मला चार दिवस माहेरी जायचं तरी फ्रीज डब्यांनी भरून ठेवावा लागतो."

टोचलं ना, चांगलंच टोचलं! आणि ती टोचणी कुठे कमी झाली म्हणाल, तर एका जत्रेत. आज तेच सांगते.

मी कॉलेजात जर्मन शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. २०२३ च्या ऑक्टोबरात एका सत्रासाठी बॉनच्या विद्यापीठात शिकायची संधी आली. वय त्रेचाळीस, आणि वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं. विद्यापीठ ऱ्हाईन नदीच्या एका काठाला, माझी खोली पलीकडच्या बॉयेल या भागात, सत्तरीच्या एका बाईंच्या घरी.

जाऊन महिना होतो न होतो, तो ११ नोव्हेंबरला सकाळी आगगाडीत बसले आणि पाहते तर काय, समोर एक धिप्पाड गृहस्थ मधमाशीचे पंख लावून शांतपणे पाव खातोय! शेजारी दोन जिराफ आणि एक नर्सबाई. कुणाला काही वाटत नव्हतं. मागाहून कळलं की, अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला, अकरा वाजून अकरा मिनिटांनी तिथल्या कार्निव्हलचा मुहूर्त असतो. मग थोडं थंडावतं, आणि खरी धमाल येते ती ईस्टरच्या आधीच्या उपवासांपूर्वीच्या आठवड्यात. ईस्टर चंद्रावर ठरतो, त्यामुळे हा सणही आपल्या सणांसारखा दरवर्षी मागेपुढे सरकतो.

आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी आखाड करतात ना, त्यातलाच प्रकार. पुढे चाळीस दिवस व्रत पाळायचं, म्हणून आधी खाऊन-पिऊन, नाचून घ्यायचं. गोव्यातला कार्निव्हल याच पंचांगातला. फक्त आखाडाचं मटण कोण शिजवतं आणि ती तेलकट पातेली कोण घासतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता गंमत ऐका. या आठवड्याची सुरुवात होते गुरुवारी, आणि तो गुरुवार बायकांचा! त्याला 'वायबरफास्टनाख्ट' म्हणतात. २०२४ साली तो ८ फेब्रुवारीला आला. त्याच दिवशी पहाटे घरून लेकीचा फोन. प्रिलिमला गणितात ८० पैकी ३८. रडत नव्हती, पण आवाज बारीक झाला होता. मागून ह्यांचा आवाज, "आईला कशाला आत्ता सांगतेस?" फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. इकडे मी कुठले उत्सव बघत बसलेय, असं वाटलं. ठरवलं, आज दार लावून बसायचं.

दहाच्या सुमाराला घरमालकीणबाईंनी दार ठोठावलं. हातात एक जुना एप्रन आणि डोक्याला बांधायचा रुमाल. म्हणाल्या, "हे घाला, निघायचंय." मी म्हटलं, मला सोंग घ्यायला आवडत नाही. तशा हसल्या. "सोंग कसलं? कामाचेच कपडे आहेत. आज फक्त काम करायचं नाही." आणि वाटेत चालता चालता त्यांनी जी हकीगत सांगितली, ती ऐकून मी रडणं विसरले.

हे बॉयेल म्हणजे पूर्वी परटिणींचं गाव. ऱ्हाईनच्या काठी बायका आसपासच्या शहरांतले कपडे धूत आणि कुरणांवर वाळत घालत. दिवसाचे सोळा-सोळा तास हात पाण्यात. धुतलेले गठ्ठे कोलोनला पोचवायचं काम नवऱ्यांचं. कोलोनला १८२३ साली कार्निव्हलची पहिली मोठी मिरवणूक निघाली आणि तिथे उत्सवाला नवा जोर चढला. झालं! गठ्ठे पोचवायला गेलेले नवरे तिकडेच रमू लागले, आणि बायका इकडे पाण्यात उभ्या. तेव्हा १८२४ साली काही परटिणी एकत्र जमल्या. कार्निव्हलआधीच्या गुरुवारी धुणं बंद, आम्हीही उत्सव करणार, असं त्यांनी ठरवलं. स्वतःची समितीही काढली. कॉफी पिता पिता नवऱ्यांची गाऱ्हाणी मांडायची, हा तिच्यातला महत्त्वाचा कार्यक्रम, असं सांगतात. आमच्या मालकीणबाईंची आजी लहानपणी अशाच धुण्याच्या कामावर होती.

आज तिथे दरवर्षी एक तरुणी 'परटीण राजकन्या' म्हणून निवडतात. ती पुढे आणि शेकडो बायका मागे, अशा त्या नगरभवनावर चाल करून जातात. आतले पुरुष अधिकारी दार लावून लढाईचं नाटक करतात आणि शेवटी शरण येतात. एरवी रांगेत गुमान उभ्या राहणाऱ्या आज्या त्या दिवशी काय आरोळ्या ठोकतात म्हणता!

त्या दिवशी आणखी एक रीत असते. बायका पुरुषांचे टाय कात्रीने कापतात आणि मोबदला म्हणून गालाची एक पापी देतात. अर्थात, अनोळखी माणसाला आधी विचारावं, हे मालकीणबाईंनी मला बजावलं होतं. गर्दीत नेमके आमचे प्राध्यापक भेटले. गळ्यात मुद्दाम घातलेला विटका टाय. "कापा," म्हणाले. अहो, गुरुजींच्या गळ्यापाशी कात्री न्यायची म्हणजे! मनातल्या मनात क्षमा मागितली आणि कचकन कापला. पापीच्या ऐवजी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तर त्यांनीही वाकून हात जोडले.

अंधार पडायच्या आत मी घरी आले, कारण पुढे दारूचा जोर फार होतो. घरी फोन लावला, तर आमच्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. सासूबाई जाग्या होत्या. त्यांना परटिणींची सगळी कथा सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग त्या दिवशी त्यांच्या पोरांना जेवायला कोणी घातलं गं?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "घातलं असेल कोणीतरी. उपाशी कोणी मेलं नाही ना? मग झालं तर. आज इथे पिठलं ह्याने केलंय. खारट झालंय, पण पोरीने खाल्लं. गणिताला शेजारचे मास्तर येऊन बसणार आहेत उद्यापासून. तू झोप."

पंचवीस वर्षं चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईने हे म्हणावं! मैत्रिणींनो, त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सोमवारी कोलोनची मोठी मिरवणूक पाहिली. रथांवरून चॉकलेटं आणि फुलांचे गुच्छ उधळतात. लोक 'कामेले, कामेले' असं ओरडत छत्र्या उलट्या धरून खाऊ झेलतात. मीही उत्साहाने 'हेलाऊ!' म्हणून ओरडले, तर आजूबाजूचे खो-खो हसले. कोलोनला 'आलाफ' म्हणायचं. 'हेलाऊ' ही शेजारच्या ड्युसेलडॉर्फची आरोळी, आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य! मंगळवारी रात्री तिथे गवताचा एक बाहुला जाळतात. त्याला 'नुब्बेल' म्हणतात. चार दिवसांतल्या सगळ्या चुकांचं खापर त्याच्यावर फोडायचं आणि होळी पेटवायची. मीही माझी टोचणी हळूच त्याच्या गळ्यात बांधून दिली.

परत आले, मार्चमध्ये लेकीची परीक्षा झाली, पासही झाली. मी इथे असते तर दोन मार्क जास्त पडले असते की कमी, देव जाणे.

तेव्हापासून आमच्या घरी महिन्याचा एक गुरुवार परटिणींचा असतो. पहिल्या गुरुवारी ह्यांनी कुकरची रिंगच लावली नाही, आणि तासभर शिटीची वाट पाहत बसले. सासूबाईंनाही त्या दिवशी सुट्टी असते. तुम्हालाही करून पाहायचं असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

सणावाराचा दिवस घेऊ नका, साधा वार घ्या. रुसून किंवा चिडून घेऊ नका, चार दिवस आधी सरळ सांगून घ्या. आदल्या दिवशी डबे भरून ठेवू नका आणि कपडेही भिजवून ठेवू नका. नाहीतर ती सुट्टी नव्हे, आदल्या दिवशी केलेलं दुप्पट काम. आणि चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. संध्याकाळी ओटा कसाही दिसला तरी नाक मुरडायचं नाही. पिठलं खारट असलं तर दही घालून खायचं.

साताऱ्याच्या भगिनींनो, पुढच्या वेळी माहेरी जाताना फ्रीज रिकामा ठेवून बघा. काय झालं ते मला जरूर कळवा. घरी आल्यावर ओट्याकडे पाहून काय वाटलं, तेही लिहा.