पाहुण्यांच्या हाती शाळा

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडतात तेव्हा पहिलीच्या वर्गाच्या दाराशी दरवर्षी एकच देखावा दिसतो. आईचा पदर मुठीत घट्ट धरलेले पोर, पाठीवर नवे दप्तर, आणि उंबरठ्याच्या आत कोण उभे आहे याकडे लागलेले त्याचे डोळे. आतल्या बाईंनी त्याला त्याच्या नावाने, घरच्या बोलीत हाक मारली की मूठ आपोआप सुटते. शाळा आपली वाटणे म्हणजे काय, याची याहून निराळी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

पहिल्या दिवशी तोरणे लागतात, गोडधोड होते, पाहुण्यांची भाषणे होतात. त्यास आमची हरकत नाही. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे.

हजेरीपटावर नाव असणे आणि शाळा आपली असणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरी परत न्यावे लागे, आणि शिपाई हजर नसला तर तहानलेले राहावे लागे. त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहिली, एका पंक्तीस जेवली, आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. गाव तेच, मग फरक कशाने पडला? तेथे मुलांना आपली म्हणणारी मोठी माणसे होती, आणि ती माणसे स्वतः त्या घरची होती, पाहुणी नव्हती.

आज नेमके येथेच आमच्या सीमाभागातील शाळांचे दुखणे आहे. कायम शिक्षक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, आणि तिच्यावर ‘अतिथी शिक्षक’ येतो. नाव मोठे गोड आहे! परंतु आपल्या घरी अतिथी येतो तेव्हा आपण त्याला पाट देतो; येथे ज्याला अतिथी म्हणतात त्याला मिळते ते कायम शिक्षकाहून कमी मानधन आणि एका शैक्षणिक वर्षापुरती नेमणूक. पुढल्या वर्षी आपण या वर्गात असू की नाही हे त्यास ठाऊक नसते. बिचारा शिकवतो मन लावून. पुष्कळ ठिकाणी तोच शाळा चालवतो. पण वर्षभर कष्टाने ओळखीची केलेली पोरे वर्षाअखेर सोडून जाण्याची तयारी ज्याने मनाशी ठेवलेली असते, त्याने पोरांना ‘ही शाळा तुमची’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्यात कचेरीची परिपत्रके कानडीतून, बैठकांतील बोलणे कानडीतून. ज्या मराठी शिक्षकाचे कानडी कच्चे आहे तो तेथे अंग चोरून बसतो. कानडी अवश्य शिकावे; शेजाऱ्याची भाषा येणे हे भूषणच आहे. पण शिक्षकास समजेल अशा भाषेत कागद देणे हे कचेरीचेही कर्तव्य आहे.

कायद्याचे पाठबळ नाही असे मुळीच नाही. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम आले; भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय व्हावी, असा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्याही पुढे जातो. शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर संख्येच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत, असे त्याचे २६ वे कलम म्हणते. आणि मुलाला भय व दडपण यांपासून मुक्त ठेवावे, असे २९ वे. ही दोन कलमे एकत्र वाचावीत अशी आमची विनंती आहे. शिक्षकच नसेल तर पोराचे भय घालवणार कोण?

हे सरकारास सांगताना आमच्याच घरातील एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. हंगामात बीडकडून उसाच्या तोडणीस टोळ्या येतात. त्यांची पोरे मराठी बोलतात, तरी आमच्या मराठी शाळांत त्यांना मागच्या रांगेत बसवले जाते, आणि त्यांच्या हेलाला आमची पोरे हसतात. आमच्या बेळगावी मराठीला पुण्यात कोणी हसले तर आम्हांस केवढा संताप येतो! कोणी म्हणेल, चार महिन्यांनी जाणारी ती पोरे, त्यांच्यासाठी एवढे काय? शिक्षकांना पाहुणे ठरवणारे सरकार तरी याहून निराळे काय म्हणते? वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क त्या पोरांसही त्याच कायद्याने दिलेला आहे, आणि दाराशी हाक मारून घेण्यास तर कोणत्याच कायद्याची जरुरी नाही. दुपारचे जेवण रांधणाऱ्या बायांचीही तीच कथा. रोज शंभर ताटे वाढणाऱ्या त्या बाईचे नाव शाळेतील किती जणांस ठाऊक असते?

रिक्त जागा भरणे आपल्या हाती नाही. त्यासाठी निवेदने, मोर्चे आणि न्यायालय हे मार्ग आहेतच. पण शाळा सुधारणा समितीत पालक बसतात, आणि एक गोष्ट त्यांच्या हाती पुरी आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत शिक्षकांच्या नावांचा फळा टांगलेला असतो. पालकांनी तो एकदा वाचावा. अतिथी शिक्षकांची आणि स्वयंपाकीण बायांची नावे त्यावर नसतील, तर येत्या बैठकीत ती लिहवून घ्यावीत. रंगाच्या डबीचा खर्च शाळेस झेपत नसेल तर आमच्या कचेरीतून न्यावी.