फॉरमॅट मारलं म्हणजे पाळत संपत नाही

पेगॅससवर आपण पुष्कळ बोललो. जुलै २०२१ मध्ये ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत कसलं तरी मालवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं हे सिद्ध झालं नाही आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण तेवढ्या काळात स्वतःच्या घरातला कॉम्प्युटर तपासून बघितलेला एकही दोस्त मला भेटला नाही.

आमच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि लवकरच सिद्दीने तिला शह द्यायला शेजारची उंदेरी धरली. तेव्हा नजर ठेवणारा निदान समोर दिसायचा. आज तो दिसत नाही, कारण त्याला आत आपणच घेतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गावी आलो की रविवारी कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतो. बहुतेकांत विंडोज फुकटचं, म्हणजे चोरीचं असतं. ते चालू ठेवायला एक 'अ‍ॅक्टिवेटर' टाकलेला असतो आणि त्याच्यासोबत सूचना असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. घराला कुलूप बसवायला आलेला माणूस आधी कुत्रा बांधून ठेवा म्हणाला, तर आपण त्याला दारात तरी उभं करू का? इथे मात्र आपण मुकाट्याने कुत्रा बांधतो. आणि त्या मशीनवर असतं काय? अब्बांचा आखातातला व्हिसा, सगळ्यांच्या पासपोर्टची स्कॅन, आधार, पॅन, बहिणीच्या लग्नासाठी काढलेले फोटो आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेला बँकेचा पासवर्ड.

"आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" असं म्हणणाऱ्यांनी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांचं प्रकरण वाचावं. भीमा-कोरेगाव प्रकरणात ते आरोपी आहेत. त्यांच्या कॉम्प्युटरच्या डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक संस्थेने तपासली. ईमेलमधून आलेल्या 'नेटवायर' या सॉफ्टवेअरने तो कॉम्प्युटर २०१६ पासून सुमारे वीस महिने परक्याच्या ताब्यात होता आणि ज्यांच्यावर आरोप उभे आहेत त्यातली पत्रं बाहेरून आत ठेवली गेली, असं तिचा २०२१ चा अहवाल सांगतो. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपबद्दलही तिचा निष्कर्ष तसाच होता. एनआयए हे मान्य करत नाही आणि निकाल कोर्टाने द्यायचा आहे. पण तंत्राचा धडा आजच घ्यावा: जे सॉफ्टवेअर तुमच्या मशीनमधून काढू शकतं, ते तुमच्या मशीनमध्ये ठेवूही शकतं. आणि नेटवायर काही सरकारी तिजोरीतलं गुप्त हत्यार नव्हतं. ते इंटरनेटवर उघड विकलं जायचं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने त्याची साइट जप्त केली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली.

आता आपला लाडका उपाय बघा: "फॉरमॅट मारून दे." दुकानदार फॉरमॅट मारतो आणि त्याच पेन ड्राइव्हवरून तेच चोरीचं विंडोज, तोच अ‍ॅक्टिवेटर परत टाकतो. चोरीला गेलेला पासवर्ड चोराकडेच राहतो. आणि पुरावा पुसला जातो. गडलिंग यांची डिस्क आधीच फॉरमॅट झाली असती, तर आर्सेनलला तपासायला काय उरलं असतं?

म्हणून क्रम बदला. संशय आला की आधी इंटरनेट तोडा, त्या मशीनवर बँकेचं काही करू नका. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला, सगळ्यांत आधी ईमेलचा, कारण बाकीची कुलपं त्याच किल्लीने उघडतात. ईमेल आणखी कुठे लॉगिन आहे ते बघून सगळीकडून बाहेर पडा, आपली पत्रं परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जातात का ते तपासा आणि टू-स्टेप चालू करा. धमकी, ब्लॅकमेल किंवा पोलीस केसची शक्यता असेल तर मशीन बंद करून डिस्क तशीच ठेवा आणि जाणकाराला व वकिलाला दाखवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. असं काही नसेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं, त्यामुळे लपलेल्याला लपून राहणं अवघड जातं. तरी खात्री वाटत नसेल तर फक्त फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढा, डिस्क पूर्ण पुसा आणि विंडोज कंपनीच्या साइटवरून घेऊन नव्याने टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनला नवं झेपत नसेल तर लिनक्स मिंट टाका. ते खरोखर फुकट आहे आणि त्याला अ‍ॅक्टिवेटर लागत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती ऐकायला कडू आहे. माझ्याकडे येणारे काही जण हळू आवाजात विचारतात, "बहिणीच्या फोनमध्ये टाकायला एखादं अ‍ॅप आहे का? तिला कळता कामा नये." बायकोच्या फोनबद्दलही हाच प्रश्न येतो. याला ते काळजी म्हणतात. सरकारने केलं की हुकूमशाही आणि आपण केलं की काळजी? सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकायला मनाई आहे. बहीण किंवा बायको असा अपवाद तिथे नाही. आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय असं काही घुसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अशी अ‍ॅप्स जमवलेला मजकूर कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर पाठवतात. म्हणजे जिची इज्जत राखायला निघालात, तिचे फोटो तुम्हीच बाजारात नेऊन ठेवता.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो दिल्लीकडे जरूर मागा, आवाज चढवून मागा. पण तो तुमच्या बहिणीचाही आहे, आणि तो राखायला तुम्हाला कुठल्याही याचिकेची गरज नाही.